१०४ किलो, १०२ लिटर: नऊ फुटी सर्फबोर्डचा एक हंगाम

माझी उंची सहा फूट दोन इंच आहे आणि वजन १०४ किलो. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका संकुलात सातव्या मजल्यावर राहतो, नोकरी ऐरोलीला आहे, आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी सर्फिंग शिकायला लागलो आहे. गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीपासून यंदाच्या मेच्या मध्यापर्यंत पाच फेऱ्यांत मिळून एकोणीस सकाळी मी जो नऊ फुटी सॉफ्ट-टॉप, म्हणजे वरून मऊ थराचा, सर्फबोर्ड वापरला, त्याचे हे परीक्षण आहे. त्याआधी मी एक सात फुटी बोर्ड विकत घेतला होता आणि तो पूर्णपणे चुकला होता. त्या चुकीची हकिगत येथे सांगणे भाग आहे, कारण नऊ फुटी बोर्डाची किंमत मला सात फुटीवरून पडल्यावरच कळली.

कंपनीचे नाव मी देत नाही. फोमचे हे शिकाऊ बोर्ड रचनेने एकमेकांचे भाऊ शोभावेत असे असतात आणि उंच, वजनदार माणसाच्या दृष्टीने त्यांच्यात खरा फरक पडतो तो मापांमुळे. त्यामुळे जे सांगायचे ते मापांच्या भाषेत सांगतो.

सुरुवात त्याच्या आदल्या फेब्रुवारीत झाली. गोव्यात आश्वे येथे तीन दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण घेतले. तेथे मला एक जुना, कडा झिजलेला, निळा बोर्ड मिळाला होता आणि दुसऱ्याच दिवशी कमरेइतक्या पाण्यात, फुटून आलेल्या फेसाळ लाटेवर मी उभा राहिलो. चार-पाच सेकंदच, पण उभा राहिलो. त्याचे सगळे श्रेय मी स्वतःला दिले. बोर्ड किती लांब आहे, हे विचारण्याचेसुद्धा मला सुचले नाही. तो नऊ फुटी होता, हे पुढे ऑक्टोबरमध्ये कळले.

ऑगस्टमध्ये, पावसाळा संपायची वाट पाहत घरी बसलेलो असताना, स्वतःचा बोर्ड घेण्याचे डोक्यात आले. सात फुटी बोर्ड लिफ्टमध्ये मावत होता, गाडीत पुढची सीट पाडली की तिरका जात होता, आणि छायाचित्रात देखणा दिसत होता. विकणाऱ्याला फोनवर वजन आणि उंची दोन्ही प्रामाणिकपणे सांगितली. तो म्हणाला, "साहेब, शिकणाऱ्याला सात फूट पुष्कळ झाला. ऐंशी लिटरचा आहे, काही काळजी करू नका." ऐंशी लिटर म्हणजे नेमके काय, हे मला तेव्हा माहीत नव्हते, आणि माहीत नसलेला आकडा ऐकला की आपल्याला उगीचच धीर येतो. चोवीस हजार रुपये पाठवून दिले.

ऑक्टोबरात समुद्र निवळल्यावर पुन्हा आश्वे गाठले. पहिल्या सकाळी बोर्डावर पालथा झालो तेव्हा छातीखालची बाजू पाण्याखाली गेली आणि बोर्डाचे नाक, म्हणजे पुढचे टोक, वर आले. ते खाली आणण्यासाठी पुढे सरकलो, तर लाट मागून येताच बोर्डाने पाण्यात सूर मारला आणि त्यापाठोपाठ मी. मागे सरकलो, तर बोर्ड नांगर टाकल्यासारखा जागच्या जागी राहिला आणि लाट माझ्या पाठीवरून निघून गेली. या दोन चुकांच्या मध्ये कुठेतरी योग्य जागा असते असे शिकवतात, पण माझ्यासाठी ती जागा त्या बोर्डावर नव्हतीच. दहा-बारा वेळा हातांनी वल्हवले की खांदे भरून येत. तीन दिवसांत मी एकदाही धड उभा राहिलो नाही. तिसऱ्या दिवशी प्रशिक्षकाने, जो मूळचा कर्नाटकातल्या मुळकीकडचा आहे, काहीही न बोलता आपला जुना निळा बोर्ड माझ्याकडे ढकलला. दुसऱ्या लाटेवर मी उभा होतो. मग त्याने माझा बोर्ड उलटा करून पाहिला आणि हा तुम्हाला कोणी दिला, एवढेच विचारले.

घरी आल्यावर मोजपट्टी काढली. बोर्डाचे लिटर म्हणजे त्याचे आकारमान, आणि ते काढण्यासाठी सर्फबोर्डाची लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन त्यांचा गुणाकार करावा, त्याला ६१ ने भागावे, कारण एका लिटरमध्ये साधारण ६१ घन इंच असतात, आणि उत्तराचे दोन-तृतीयांश घ्यावे. बोर्ड चौकोनी खोका नसून टोकांना निमुळता आणि कडांना गोल असतो, म्हणून हा एक-तृतीयांश सोडून द्यायचा. हिशेब अंदाजी आहे, पण विकणाऱ्याची थाप पकडायला पुरेसा आहे. माझा सात फुटी बोर्ड ८४ इंच लांब, २२ रुंद आणि ३ जाड निघाला. गुणाकार ५,५४४. भागल्यावर जवळजवळ ९१, आणि त्याचे दोन-तृतीयांश म्हणजे साठ, साडेसाठ लिटर. ऐंशी लिटर कोणत्याही गणिताने होत नव्हते. विकणाऱ्याला ही आकडेमोड पाठवली, तेव्हा "फॅक्टरीचा आकडा तोच आहे" असे उत्तर आले आणि त्यानंतर फोन उचलणे बंद झाले.

नवा बोर्ड पाहण्यासाठी मी कल्याणजवळच्या एका गृहस्थाकडून त्याचा वापरलेला नऊ फुटी बोर्ड दोन दिवसांसाठी मागून आणला आणि आमच्या संकुलाच्या तरणतलावात दोन्हींची परीक्षा घेतली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधी साफ नकार दिला, मग "सकाळी सहाच्या आत आणि लहान मुले नसताना" या अटीवर परवानगी दिली, आणि सव्वापाच वाजता स्वतः चहाचा कप घेऊन काठावर येऊन उभे राहिले. मेणाच्या खडूने दोन्ही बोर्डांच्या कडेवर अर्ध्या अर्ध्या इंचावर रेघा मारल्या होत्या. सात फुटी बोर्डावर पालथा पडलो तेव्हा सगळ्या रेघा पाण्याखाली गेल्या, पाणी बोर्डाच्या वरून वाहू लागले आणि माझ्या बरगड्यांच्या मध्यापर्यंत आले. नऊ फुटीवर पाणी कडेच्या वरच्या रेघेशी येऊन थांबले. बनियन छातीशी ओले झाले, पाठ कोरडी राहिली. "हा बरा दिसतोय," सेक्रेटरी म्हणाले आणि रिकामा कप घेऊन निघून गेले.

यामागचे कारण शाळेत शिकलेले आर्किमिडीजचे तत्त्व आहे. पूर्ण बुडालेला एक लिटर आकारमानाचा बोर्ड गोड्या पाण्यात एक किलो आणि समुद्रात साधारण १.०२५ किलो वजन उचलतो. साठ लिटरच्या बोर्डातून त्याचे स्वतःचे साडेपाच किलो वजा केले तर तरणतलावात माझ्या वाट्याला जेमतेम ५५ किलोंची उचल येते. माझे उरलेले ४९-५० किलो माझ्याच शरीराने पाणी बाजूला सारून पेलायचे, म्हणजे जवळजवळ निम्मे शरीर पाण्यात राहायचे. अर्धे बुडालेले शरीर हातांनी पुढे ओढणे म्हणजे ओली गोधडी ओढण्यासारखे आहे. १०२ लिटरच्या नऊ फुटी बोर्डाचे वजन आठ किलो धरले तरी ९४ किलोंची उचल मिळते. उरलेला भार पाण्यात लोंबणारे पाय आणि वल्हवणारे हात सहज सावरतात. उंच माणसाला येथे एक छोटा फायदाही होतो: पावले बोर्डाच्या शेपटीच्या, म्हणजे मागच्या टोकाच्या, बाहेर पाण्यात राहतात आणि तेवढा भार बोर्डावर येत नाही.

लाट पकडण्यासाठी आधी तिच्या वेगाच्या जवळपास यावे लागते. बोर्ड एकदा पाण्यावरून घसरू लागला की त्याच्या तळाला मिळणारा पाण्याचा रेटा तुम्हाला उचलून धरतो आणि मग लिटरांचे महत्त्व बरेच कमी होते. जे सराईत लोक साठ किंवा त्याहून कमी लिटरच्या बोर्डावर सहज खेळताना दिसतात, ते लाट कुठे आणि केव्हा उभी राहील हे ओळखून नेमक्या ठिकाणी बसलेले असतात आणि हातांच्या दोन वल्ह्यांत तो वेग गाठतात. शिकणाऱ्याजवळ ती नजर नसते. त्याला लाट अजून मऊ असतानाच तिच्याबरोबर निघावे लागते आणि त्यासाठी लांब, रुंद, भरपूर तरंगणारा बोर्ड लागतो. सत्तर किलोंच्या माणसाची चूक मध्यम बोर्डही पोटात घालतो. शंभराच्या वर गेलेल्या माणसाला तेवढी सूट मिळत नाही.

आपल्या समुद्राचा मुद्दाही येथे येतो. परदेशी तक्ते वाचून बोर्ड घेणारे तो विसरतात. पावसाळ्यात अरबी समुद्र नवशिक्यासाठी बंद असतो आणि तो बंदच असावा. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत गोव्याच्या आश्वे, मांद्रे, मोरजी या वाळूच्या सपाट किनाऱ्यांवर लाटा लहान, मऊ आणि पसरून फुटणाऱ्या असतात. शिकण्यासाठी त्या उत्तम आहेत, कारण पडले तरी वाळूत पडतो. पण त्यांच्यात जोर नसतो, आणि कमी जोराची लाट जड माणसाला पुढे ढकलायला तयार नसते. ज्या लाटेवर माझ्याबरोबर शिकणारी पंचावन्न किलोंची मुलगी किनाऱ्यापर्यंत आली, ती लाट सात फुटीवर पडलेल्या माझ्या खालून निघून गेली. मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. हंगामात तेथील राखून ठेवलेला पट्टा सोडून बाजूला उतरावे, हे जाता जाता सांगतो.

आता मुख्य बोर्डाकडे येतो. त्याची मापे नऊ फूट बाय २४ इंच बाय साडेतीन इंच अशी आहेत आणि अंगावर १०२ लिटर छापलेले आहे. माझ्या गणिताने ९९ आले, म्हणजे या वेळी आकडा खरा होता. आत थर्मोकोलच्या जातीचा पांढरा फोम, त्यात लांबीभर दोन लाकडी पट्ट्या, वर हाताला रबरासारखा लागणारा मऊ थर आणि खाली कडक, गुळगुळीत प्लास्टिकचा पत्रा अशी रचना आहे. दोन पट्ट्या असणे आमच्यासारख्यांसाठी महत्त्वाचे आहे. एकाच पट्टीचा बोर्ड मी दुसऱ्या एका शिकणाऱ्याचा वापरून पाहिला, तेव्हा उभा राहताच तो पायांखाली किंचित वाकत असल्याचे जाणवले. असा वाकलेला बोर्ड वेगही गमावतो आणि काही महिन्यांत मध्यावर आडवी सुरकुतीही धरतो.

पाण्यातला त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो घाई करायला लावत नाही. पालथे पडून बोर्डाचे नाक पाण्याच्या दोन-तीन इंच वर राहील अशी जागा शोधायची असते. सात फुटीवर ही जागा चार बोटे रुंद होती, येथे ती वीतभर आहे. थोडे पुढे-मागे झाले तरी बोर्ड रागावत नाही. लाटेने उचलल्यावर त्याला पुढे निघायला एक क्षण जास्त लागतो, पण निघाला की सरळ आणि स्थिर जातो. उंच माणसाला उभे राहताना खरा त्रास होतो तो लांब पायांचा: पुढचा पाय दोन्ही हातांच्या मध्ये आणायला जागा लागते, आणि ती मिळाली नाही की गुडघा टेकला जातो. चोवीस इंच रुंदीमुळे हात छातीच्या बाजूला नीट टेकवता येतात आणि पाऊल मध्यरेषेपासून दोन इंच इकडे-तिकडे पडले तरी बोर्ड कलंडत नाही. दिवाणखान्यात, सतरंजीवर टेपने बोर्डाची आकृती आखून मी रोज वीस वेळा हे उठणे घोकले. खालच्या मजल्यावरच्या आजींनी एकदा वर येऊन "सगळं ठीक आहे ना?" असे विचारले, त्यानंतर वेळ संध्याकाळची केली.

पाचव्या सकाळी मी फुटलेल्या फेसावरून नव्हे, तर न फुटलेल्या हिरव्या लाटेवरून पहिल्यांदा उतरलो. त्या वेळी पायांखालून येणारा आवाज मला अजून आठवतो: फेसावर असताना खळखळ असते, येथे ओल्या काचेवरून बोट फिरवल्यासारखी बारीक शीळ होती.

लांब बोर्ड म्हणजे कमीपणा, अशी एक समजूत नवशिक्यांत असते. १९१२ साली स्टॉकहोम आणि १९२० साली अँटवर्प येथे १०० मीटर पोहण्यात ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकलेला हवाईचा ड्यूक कहानामोकू, ज्याने सर्फिंग जगभर नेले, हासुद्धा सहा फुटांहून उंच आणि भरदार माणूस होता, आणि त्याचा प्रसिद्ध बोर्ड कोआ लाकडाचा, सोळा फूट लांब आणि ११४ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ ५२ किलोंचा होता. माझ्या आठ किलोंच्या बोर्डाबद्दल मी कुरकुर करतो तेव्हा घरातून मला हा आकडा ऐकवला जातो.

कुरकुर मात्र आहे. पहिली तक्रार पायाला बांधायच्या दोरीची. बोर्डाबरोबर आलेली लीश सहा फुटांची आणि सुतळीहून जरा जाड अशी होती. लीश बोर्डाच्या लांबीइतकी असावी. आखूड असली की पडल्यावर ताणला गेलेला बोर्ड रबरासारखा उसळून तुमच्याच डोक्याकडे येतो. माझ्याकडे तो एकदा आला, कानाला घासून गेला आणि मऊ थर असल्यामुळे फक्त कान लाल झाला. त्याच संध्याकाळी नऊ फुटांची, सात मिलिमीटर जाडीची लीश घेतली. एवढ्या किमतीच्या बोर्डाबरोबर ती मुळातच मिळायला हवी होती.

दुसरी तक्रार तळाच्या तीन फिनांची, म्हणजे बोर्ड सरळ ठेवणाऱ्या माशाच्या परांसारख्या पात्यांची. त्या आरपार जाणाऱ्या स्क्रूंनी बसवलेल्या असतात आणि आठव्या सकाळी त्यांतला एक सैल झालेला आढळला. स्क्रू सैल झाला की त्या भोकातून पाणी आतल्या फोमपर्यंत जाते आणि बोर्ड दर महिन्याला थोडा थोडा जड होत राहतो. आता मी प्रत्येक वेळी पाण्यात उतरण्याआधी नाणे घेऊन तिन्ही स्क्रू आवळतो. फिना मऊ प्लास्टिकच्या आहेत आणि वळताना वाकतात. हलक्या माणसाला ते बहुधा जाणवणार नाही, मला तिरके जायला लागल्यापासून जाणवते. तरीही पहिल्या हंगामात त्या मऊ असलेल्याच बऱ्या, कारण गर्दीत त्या कोणाच्या तरी पायाला लागणार असतातच.

तिसरी गोष्ट तक्रार नव्हे, वजनाची किंमत आहे. बोर्डावर गुडघे टेकून बसू नये. मी बसलो आणि दोन वाट्यांएवढे खड्डे पडले. ते भरून येत नाहीत. वरचा थर खडबडीत असल्यामुळे वॅक्सची, म्हणजे पाय घसरू नये म्हणून बोर्डाला चोळायच्या मेणाची, गरज नाही, असे पेटीवर लिहिले होते, ते ओल्या पायांना मान्य झाले नाही. आपल्याकडचे पाणी कोमट असल्याने वॅक्स उष्ण पाण्याचे, म्हणजे ट्रॉपिकल प्रकारचेच घ्यावे. थंड पाण्याचे वॅक्स येथे तासाभरात लोण्यासारखे होते. आणि अंगात रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा सदरा, हवाच. पहिल्या दिवशी मी उघड्या अंगाने तासभर वल्हवले आणि पुढचे तीन दिवस शर्ट छातीला लागू देत नव्हतो.

एवढ्या मोठ्या बोर्डाबरोबर एक जबाबदारीही येते. लहान बोर्ड घेऊन लाटेखालून सूर मारता येतो, हा पाण्याखाली दाबला जात नाही. लाट अंगावर येताना तो कधीही स्वतःच्या आणि लाटेच्या मध्ये आडवा धरू नये, नाक लाटेकडे करावे किंवा कडा घट्ट पकडून बोर्डासकट उलटे व्हावे आणि लाट गेल्यावर पुन्हा सरळ व्हावे. घाबरून तो सोडून दिला तर नऊ फुटांचा बोर्ड आणि नऊ फुटांची लीश मिळून मागच्या अठरा फुटांत कोणाचेही काहीही होऊ शकते.

ठाण्यात राहून नऊ फुटी बोर्ड सांभाळणे हा स्वतंत्र विषय आहे. बोर्ड घेण्याआधी मी लिफ्टचा कर्ण मोजला, तो आठ फूट सात इंच भरला. पाच इंचांनी हुकला. त्यामुळे प्रत्येक फेरीला सात मजले जिन्याने, आणि प्रत्येक वळणावर बोर्ड कठड्यावरून उचलून वळवायचा. पहिल्या दिवशी पिशवीत बांधलेला बोर्ड पाहून वॉचमनने "साहेब, इस्त्रीचं टेबल का?" असे विचारले. मी हो म्हणालो, कारण खरे सांगितले असते तर आणखी दहा मिनिटे जिन्यात उभे राहावे लागले असते. घरात तो सोफ्याच्या मागे, भिंतीला टेकून, लांब कडेवर उभा असतो. बाल्कनीत ठेवायचा मोह झाला होता, पण दुपारचे ऊन आणि फोम यांचे जमत नाही: आतली हवा प्रसरण पावते, वरचा थर सुटतो आणि फुगे येतात. एप्रिलमध्ये बंद गाडीत किंवा छतावर उन्हात बोर्ड ठेवून निवांत जेवायला बसणे म्हणजे तो बोर्ड संपवणे होय.

रेल्वेने नेण्याचा विचार सोडून द्यावा लागला. डब्यात सोबत नेता येणाऱ्या पेटीची मर्यादा १०० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि २५ उंच अशी आहे आणि नऊ फूट म्हणजे २७४ सेंटिमीटर होतात. बोर्ड ब्रेक व्हॅनमधून बुक करता येतो, पण मऊ थराचा बोर्ड पेट्या-पोत्यांच्या मध्ये टाकायला मन धजावले नाही. त्यामुळे गाडीच्या छतावर फोमच्या दोन उशा, त्यांवर बोर्ड उलटा, आणि बकलांचे दोन पट्टे. चार मीटरच्या आतल्या लहान गाडीवरही तो पुढे-मागे बाहेर येत नाही. पट्ट्यांना एकेक पीळ द्यावा, नाहीतर ऐंशीच्या वेगाला ते असे गुणगुणू लागतात की पनवेलच्या पुढे गाडीतली सगळी माणसे गप्प होतात. पहिल्या फेरीत कशेडीच्या बोगद्यात त्या गुणगुणीचा भोंगा झाला, तेव्हा बायकोने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि पीळ देण्याची युक्ती फोनवर शोधून काढली. आश्वेपर्यंतचे साडेपाचशे किलोमीटर दर वेळी शक्य नाहीत हे खरे आहे. म्हणून फेब्रुवारीत एकदा अलिबागजवळ बोर्ड उतरवून पाहिला. जेथे ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते, तो किनारा किती उथळ असेल हे आधी लक्षात यायला हवे होते. भरतीला गुडघाभर फेस आला, त्यावर दोनदा उभा राहिलो, आणि नंतर वाळूत फिना घासल्या. वल्हवण्याचा सराव म्हणून तेथे जायला हरकत नाही.

बोर्डाला ३४,००० रुपये पडले आणि तो घरपोच आणायला आणखी २,८००. या किमतीत गोव्यात भाड्याचा बोर्ड बऱ्याच सकाळी मिळाला असता, आणि जो वर्षातून एकदाच जाणार आहे त्याने भाड्यानेच घ्यावा, असे मी स्पष्टपणे सांगेन. विकत घेणारच असाल आणि वजन नव्वदच्या वर असेल, तर दुकानदाराला लांबी विचारण्याआधी रुंदी, जाडी आणि लाकडी पट्ट्यांची संख्या विचारा, गुणाकार त्याच्यासमोर करा, आणि येणारे लिटर तुमच्या किलोंच्या आसपास नसतील तर पाकीट खिशातून काढू नका. एप्रिलमध्ये प्रशिक्षकाने मला आठ फुटी, ८६ लिटरचा बोर्ड एका सकाळपुरता दिला होता. वळायला तो चपळ वाटला, पण नेहमीच्या निम्म्याच लाटा मिळाल्या. पुढचा हंगामही मी नऊ फुटीवरच काढणार आहे.

जूनच्या आधी फिना काढून, धुऊन, वॅक्स खरवडून बोर्ड सोफ्यामागे ठेवला आणि सात फुटीची जाहिरात टाकली. त्याच्या अंगावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर अजून ८० लिटर असेच छापलेले होते. जाहिरातीत मी ६० लिहिले आणि तिन्ही मापे खाली दिली. खारघरची एक मुलगी वडिलांबरोबर पाहायला आली, वजन ५२ किलो. पंधरा हजारांना व्यवहार झाला. लिफ्टमध्ये बोर्ड उभा करताना वडिलांनी विचारले, "हिला पुरेल ना हा?" पुरेल, असे मी सांगितले आणि हिशेबाचा कागद त्यांच्या हाती दिला. गेल्या आठवड्यात तिने मुळकीहून फोटो पाठवला आहे: गुडघे नीट वाकलेले, नजर समोर आणि बोर्डाचे नाक पाण्याच्या वर.